आंदणाचं झाड

कलाबाईच्या मोहाखाली जाळी बांधली, ही गोष्ट अख्ख्या मोहबोडीत कुंताला सगळ्यांत शेवटी कळली, आणि तीही स्वतःच्या डोळ्यांनी. अजून नीट फटफटलं नव्हतं. वाघाच्या धास्तीनं बायका एकमेकींना हाका देत, डोक्यावर टोपल्या घेऊन डोंगराच्या बाजूला निघाल्या होत्या. कुंता आपल्या शेताच्या धुऱ्यावर पोचली आणि पाहते तो पाचही मोहांखाली हिरवी जाळी, कमरेइतक्या उंचीवर, चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधलेली. चार झाडांखाली ती असणार हे तिला ठाऊक होतं. पाचव्याखाली नको होती.

मोहबोडी म्हणजे गाव म्हणावं तर थोरलं आणि शहर म्हणावं तर धाकटं. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की लगेच सागाऐनाचा डोंगर. होळी सरली की या सगळ्यावर मोहाचा वास चढतो. अंगणात फुलं, छपरावर फुलं, शाळेच्या ओट्यावर फुलं. नागभीडची बस नाक्यावर थांबली की परगावचा माणूस आधी नाक वर करतो आणि मग उतरतो. नवा जावई या दिवसांत सासरी आला तर जेवणाआधीच पेंगायला लागतो, अशी इथली जुनी थट्टा आहे, आणि जावई समोर बसलेला असला तरी ती करतात.

इथं प्रत्येक मोहाला मालक असतो, आणि कुणाचा मोह कोणता हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हंगामाच्या तोंडाशी झाडाखालचा पालापाचोळा लोटून त्याला काडी लावायची, भुई स्वच्छ करायची, म्हणजे पडलेलं फूल नजरेला येतं. जो जाळ करतो, त्याचं त्या हंगामाचं फूल. दुसऱ्याच्या झाडाखाली जाळ करणं म्हणजे त्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवणं. मालक आलाच नाही तर फूल सडेल, हरणं खातील, अस्वल खाईल, पण शेजारी त्याला हात लावणार नाही.

कोलूबुवानं, म्हणजे कुंताच्या सासऱ्यानं, आपल्या एकुलत्या लेकीला लग्नात भांडीकुंडी दिली नव्हती. ढिवराच्या त्या घरात तेव्हा द्यायला होतं काय, मासोळीचं जाळं आणि एक डोंगा. त्यानं मांडवात उभं राहून धुऱ्यावरचा पाचवा मोह कलाच्या नावानं सोडला. दरसाल फूल पडलं की ये, वेचून ने, म्हणजे माहेरची वाट बुजणार नाही, असं तो म्हणाला होता. कला दरसाल यायची, सासरच्या कोसमटोल्याहून तलावाच्या पाळीनं, तांबडं फुटायच्या आत. कुंता नवी नवरी असताना तिला वेचायला कलानंच शिकवलं. वाकून वेचायचं नाही, बसून वेचायचं, नाहीतर चाळिशीत कंबर जाते. आणि तोंड बंद ठेवायचं नाही, बडबडत राहायचं, म्हणजे अस्वलाला कळतं की माणूस आहे. या दोघी मिळून इतकं बोलायच्या की अस्वल काय, शहाणी माणसंही त्या धुऱ्याकडे फिरकत नसत.

मग मुखरू गेला. कुंताच्या नवऱ्याचा, इस्तारीचा, आणि कलाचा सगळ्यांत धाकटा भाऊ, कुंताच्या मांडीवर वाढलेला दीर, भर जवानीत दारूनं गेला. जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती आणि बंदीमुळंच घरोघरी मोहाच्या दारूची मडकी लागली होती. मुखरूची तेरवी झाली आणि कुंतानं गावातल्या बायका जमवल्या. जवळपासच्या गावांतून त्या मडकी फोडत फिरल्या. कोसमटोल्यात कलाबाईच्या परसात मडकं होतं. तिचा नवरा झिंगू अंगावरून वारं गेल्यानं खाटेला खिळलेला, घरात दुसरी मिळकत नव्हती, हे कुंताइतकं कुणाला ठाऊक असणार. पण नणंदेचं घर वगळून पुढच्या गावात कोणत्या तोंडानं जायचं? तिनं मडकं फोडलं, आंबलेल्या मोहाचा चिखल परसभर झाला, आणि ती मागं न पाहता निघून आली. त्या हंगामात कलाबाई वेचायला आली नाही. त्यानंतर बंदी उठली, तरी आली नाही.

आणि दरसाल कुंतानं त्या पाचव्या झाडाखाली कुणाला काडी लावू दिली नव्हती.

"हे कोनं बांधलं?" तिनं मिथुनला विचारलं. तिचा थोरला लेक, एरवी फोनवरून अर्धं गाव हाकणारा, आज स्वतः जाळीतली फुलं टोपलीत ओतत होता.

"मीनंच. काऊन?"

"पाचव्याखाली काऊन बांधलं म्हनतो मी."

मिथुननं टोपली खाली ठेवली. त्याच्या तोंडावर चोरी पकडल्याची लाज नव्हती, उलट हुशारी होती. "आई, मी जाळ कुठी केला? पाह्य ना, पाला तसाच हाये खाली. जाळ केला असता तं आत्याचं झाड घेतल्यावानी झालं असतं. जाळी तं अधांतरी हाये, भुईले लागली बी नाई."

कुंता त्याच्याकडे पाहतच राहिली. परमुलखातल्या माणसाला ही चूक करताच आली नसती. नियमाला वळसा घालायला आधी तो नियम आईच्या दुधाबरोबर पोटात जावा लागतो.

"आनि गावानं काय म्हनाचं? कलाबाईनं काय म्हनाचं? का भावाच्या पोरानं बिनकाडीचा जाळ केला?"

पायल जाळीच्या पलीकडून पुढं आली. सून वरोऱ्याची, कापसाच्या मुलखातली. मोहाचं फूल तिनं लग्नानंतर पहिल्यांदा हातात घेतलं, पण बचतगटाच्या बायकांना घेऊन जाळीचं शिक्षण घ्यायला तीच गेली होती. जाळीतल्या फुलाला माती नाही, राख नाही, आणि डोंगराला वणवाही नाही. "आई, चूक माही हाये," ती म्हणाली. "मीच म्हनलं का पाचही झाडायले बांधू. मले वाटलं पाचवं बी आपलंच. कोनी सांगतलंच नाई."

"तुले कोन सांगनार, बाई. या घरात त्या झाडाचं नाव काढाचं नाई, असं न बोलता ठरलं हाये." कुंताचा राग सुनेपाशी येऊन निवला. "या झाडाचं फूल येगळ्या टोपलीत भर. मी कोसमटोल्याले धाडतो. आनि जाळी सोड."

"बाकीचं वेचून होऊ दे, मंग सोडतो," मिथुन म्हणाला.

पण बातमीला पाळीवरून चालत जायला किती वेळ लागतो? भरलेल्या टोपल्या ठेवायला तिघं घरी आली तेव्हा ओट्याच्या कडेला कलाबाई बसलेली होती.

केस पांढरे झाले होते. अंगावरचं मांस उतरलं होतं, पण बसायची ढब तीच, एक पाय दुमडून, पदर दाताखाली. अंगणात खाटेवर इस्तारी तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्यासमोर वडश्याचा जलालुद्दीन उभा होता. त्याच्या बापाच्या काळापासून या गावचा मोह आणि हिरडा त्यांच्या वखारीत जायचा, आधी बैलगाडीनं, आता पिकअपनं. रोजे चालू होते आणि ऊन चढायच्या आत त्याला परतायचं होतं. बहीणभावाच्या मध्ये सापडलेला तो सुपातलं फूल उगाच पुन्हा पुन्हा चोळून पाहत होता.

"कवा आली कलाबाई?" कुंता म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य असं निघालं, जणू काल संध्याकाळीच भेटल्या होत्या. तिचं तिलाच नवल वाटलं.

"आत्ताच. बसाले नाई आलो." कलाबाई बसूनच म्हणाली. "दादाले सांगाले आलो. ते झाड तुमी घेऊन टाका. जाळी बांधलीच हाये तं बांधून राहू द्या. मी बी मोकळी, तुमी बी मोकळे."

इस्तारीचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. मान न वळवता तो म्हणाला, "घेतलं."

"बाबा, असं कसं घेतलं?" पायल एकदम बोलली. सासऱ्यासमोर तिचा आवाज असा कधी निघाला नव्हता. "जाळी मीनं बांधाले लावली. मी सोडतो. त्याच्यासाठी आत्यानं झाड काऊन सोडाचं?"

"तू मंधात नोको बोलू," मिथुन म्हणाला, आणि लगेच स्वतःच मध्ये बोलला. "आत्या, मी चुकलो. पन मी जाळ नाई केला, तुले आनच्यान सांगतो."

कलाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. शेवटी पाहिला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती. "किती मोठा झाला गा तू," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड फिरवून घेतलं. "जाळीचा राग नाई मले. फूल कुठी जाऊन राह्यलं तेवढं सांग."

शेवटी जलालुद्दीनच बोलला, कारण खोटं बोलणं त्याला रोज्यात परवडणारं नव्हतं. "नागपुराकडचे पोरं हायेत, कलाबाई. द्राक्षाची करतेत तशी मोहाची वाइन करून राह्यले. परवाना गिरवाना सब बराबर हाये. त्यायले साफ फूल पाह्यजे, मनून हे जाळीचं."

"असं." कलाबाईनं मान डोलावली. "म्हन्जे मी मडक्यात केली तं ते पाप, आनि तुमी शिशीत भरली तं ते वाइन."

मिथुननं पायानं माती उकरली. कुंताला वाटलं, हे आपल्याला कुणीतरी कधीतरी म्हणणारच होतं, आणि म्हणायचा हक्क असलेलं माणूसच म्हणालं. जाळीचं शिक्षण घेऊन पायल आली तेव्हापासून हाच काटा तिच्या मनात होता. परवान्याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते उत्तर मुखरूच्या बहिणीला देण्यासारखं नव्हतं.

"इतके साल आली नाई," इस्तारी खाटेवरून म्हणाला. अजून पाठ फिरलेलीच. "भावाशी बोलाले हिले जाळीचं निमित्त लागते. आनि आली तं बापाचं देनं वापस कराले आली. घेतलं म्हनतो ना मी. देऊन टाक अन् जाय."

कुंताला नवऱ्याचा आवाज कळत होता. हा माणूस रागानं बोलत नव्हता. दर हंगामाला तो धुऱ्यावर जाऊन पाचव्या झाडाखाली बिडी ओढत बसायचा आणि घरी येऊन म्हणायचा, सहज गेलतो.

जलालुद्दीननं सूप खाली ठेवलं. "इस्तारीभाऊ, बुरा नोको मानू. कोलूबुवानं ते झाड दिलं तवा माहे अब्बा मांडवात होते. ते सांगत. देनारा तं गेला. आता वापस घेनारे तुमी कोन?"

"मंग तूच समजाव तिले," इस्तारी म्हणाला, पण आता त्याची पाठ जराशी वळली होती.

"मले कोनी समजवू नोका." कलाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूच. "एक डाव झाड पाहून येतो. मंग तिकडूनच पाळीनं जातो." आणि ती अंगणातून निघालीसुद्धा.

एक मोह गेल्यानं या घराचं काही बिघडणार नव्हतं, आला तरी काही सुधारणार नव्हतं. पण झाड गेलं की कलाला मोहबोडीच्या वाटेला लागायचं कारणच उरणार नव्हतं. आजवर ती आली नाही तरी ती येऊ शकत होती. तेवढ्यावर कुंतानं ही वर्षं काढली होती. आज हे ओट्यावरचं बोलणं तसंच राहिलं तर कलाबाई तेरवीलाच भेटणार, तिच्या नाहीतर आपल्या.

तिनं पाचव्या झाडाची टोपली उचलली आणि ती नणंदेच्या मागं निघाली. पायल बरोबर यायला वळली तशी इस्तारी म्हणाला, "तू राह्य. तिले एकटीले जाऊ दे."

कलाबाई झाडापाशी पोचली होती. जाळीखालून वाकून ती बुंध्याजवळ गेली आणि पाठ टेकून बसली. वरून एखाददुसरं उशिराचं फूल जाळीवर पडत होतं. ते खाली भुईवर येत नव्हतं, मधेच अडकून राहत होतं. कुंता टोपली बाहेर ठेवून वाकली, तर जाळीत तिचा अंबाडा अडकला. ती तशीच अर्धवट वाकलेली, पुढं जाता येईना की मागं येता येईना.

"हालू नोको," कलाबाई म्हणाली. उठून तिनं एकेक केस सोडवला. हात सरावाचे होते. याच हातांनी तिनं कुंताची लग्नानंतरची पहिली वेणी घातली होती. "काय मोठं शिक्षन घेऊन राह्यले तुमी. म्हाताऱ्या बायांनं खाली कसं बसाचं, ते नाई सांगतलं वाटते."

"आता म्हातारी म्हन मले."

"म्हनीन ना. मी तुह्याहून मोठी हाओ तरी म्हनीन."

दोघी बसल्या. या धुऱ्यावर या दोघी गप्प बसल्याचं हे बहुधा पहिलंच होतं. मग कुंतानं जे ठरवून आणलं होतं ते बोलायला घेतलं.

"एक सांगतो कलाबाई, रागावली तं रागाव. मडकं फोडलं त्याची माफी मी मांगनार नाई. मुखरूचं शेवटचं तोंड आठवलं का मले वाटते, आजबी फोडीन. या वाइनीचं बी मले पटलं नाई अजून. पोरं म्हनतेत, बायांच्या हातात दोन पैसे येते, वनवा लागत नाई. ते खरं हाये, मनून मी चूप हाओ. तू बोलली ते बी खरंच हाये."

"कोनं माफी मांगतली तुले?" कलाबाई म्हणाली. "मडक्याचं काय घेऊन बसली. मडकं फुटलं तं कुंभाराघरी दुसरं भेटते. मुखरू माह्या पाठचा होता वयनी. तू त्याले वाढवलं, पन पाठचा माहा होता. मीनं त्या दिसापासून दारूची चूल पेटवली नाई. तुले ठाव नाई?"

कुंताला ठाऊक नव्हतं. कोसमटोल्याचं नाव निघालं की मोहबोडीत लोक तिच्यासमोर विषय बदलायचे. "मंग घर कसं चाललं?"

"दोन शेळ्या घेतल्या. तलावाचे झिंगे सुकवून इकले. चाललं. माह्या माहेरच्या बाया येऊन सांगून गेल्या ना, का हे वाईट हाये. तं वाईट हाये. मले पटलं."

"मंग आली काऊन नाई?" कुंताचा आवाज चढला. रडू येण्याआधी तिचा आवाज नेहमी चढायचा. "मी दरसाल वाट पाहतो. पाचव्या झाडाखाली काडी लावू देत नाई कोनाले. पटलं होतं तं आली काऊन नाई, कलाबाई?"

कलाबाई भुईवरचा पाला बोटानं सारत राहिली. तिथं साऱ्या गेल्या हंगामांचा पाला होता, थरावर थर.

"तू मडकं फोडलं," ती सावकाश म्हणाली, "मंग मी घरात गेलो. म्हनलं, काई असो, माही वयनी उन्हाची चालत आली, संगं माह्या माहेरच्या बाया हायेत. तांब्या भरून आनला. साऱ्या बाया पानी पेल्या. तुह्यासमोर तांब्या धरला, अन् तू तोंड फिरवून गेली. यायनं खाटेवरून पाह्यलं. गावानं पाह्यलं. माह्या घरचं पानी नाई चाललं तुले." तिनं श्वास घेतला. "जिच्या घरचं पानी वयनीले चालत नाई, तिनं त्या वयनीच्या दारी फूल वेचाले कसं यावं? सांग तूच."

कुंताच्या डोळ्यांसमोर तो तांब्या उभा राहिला. पितळेचा, कलाच्या लग्नातला, बाहेरून पाणी ओघळत असलेला. तिनं तो पाहिला होता. पाहिला होता, हेच खरं होतं, आणि खोटं बोलायला ती इथं आली नव्हती.

"मी पेलो असतो ना," ती म्हणाली, "तं तठीच तुह्या गळ्यात पडून रडलो असतो. मांगं चाळीस बाया होत्या. त्यायले मीच घेऊन आलो होतो. मीच रडलो असतो तं पुढच्या गावाले कोन गेलं असतं? मनून पळालो मी. तुह्या पान्याले नाई, मले मी भ्यालो. घरी येऊन दोन दिस जेवलो नाई. तुह्या भावाले विचार."

"मले काय ठाव."

"तुले कसं ठाव असनार. मी येऊन सांगाले पाह्यजे होतं. दरसाल म्हनलं, फूल पडलं का तीच येईन, मंग सांगीन. नि तू म्हनत राह्यली, ती येईन."

पदरानं तोंड पुसायला कलाबाईनं हात वर केला, पण पुसलं नाही. वरून एक फूल जाळीवर पडून तिच्या डोक्याच्या जरा वर थांबलं. दोघींनी ते पाहिलं.

कुंता गुडघे धरून उठली. या खेपेला अंबाडा सांभाळून जाळीबाहेर आली. "चाल," ती म्हणाली.

"कुठी?"

"तुह्या घरी."

"आता?" कलाबाई खालून तिच्याकडे पाहत राहिली. "चार झाडायचं फूल तसंच हाये जाळीत. ऊन लागलं तं काळं पडते. जलालुद्दीनची गाडी उभी हाये."

"पडू दे काळं. उठ."

पडत्या फुलाला पाठ दाखवून मोहबोडीतली बाई कधी जात नाही. या दिवसांत इथं लग्नं ठरत नाहीत, आजारपण कुणी मनावर घेत नाही, आणि बाळंतीण बाईसुद्धा धुऱ्याकडे एक डोळा ठेवून असते. त्यामुळं शेजारच्या धुऱ्यांवरच्या बायकांनी जेव्हा पाहिलं, की कुंता आणि कलाबाई भरली टोपली मध्ये धरून, एक कड हिनं आणि एक कड तिनं, तलावाच्या पाळीनं कोसमटोल्याकडे निघाल्या आहेत, तेव्हा त्यांनी वेचायचे हात थांबवले. कुणीतरी हाक मारून विचारलं, काय झालं वो? कुंतानं हात हलवून काही नाही असं सांगितलं. काही नाही म्हटल्यावर बायकांची खात्रीच पटली की बरंच काही आहे.

पाळीवर ऊन चढलं होतं. पाण्यात ढिवरांचे दोन डोंगे उभे होते. चालताना कलाबाई बोलायला लागली. सुरुवात झिंगूच्या दुखण्यानं झाली, मग शेळी व्याली, मग सुनेनं नवीन मोबाइल घेतला आणि त्यावर दिवसभर कुणाशी तरी भांडते. कुंतानं पायलचं सांगितलं, ती कशी सासऱ्यासमोर बोलली आज. "पोरगी चांगली हाये," कलाबाई म्हणाली. "जाळी तेवढी नोको होती." "सोडाले सांगतलं मीनं," कुंता म्हणाली. एक सांगत असताना दुसरी मधेच सुरू व्हायची आणि दोघींनाही दोघींचं कळत होतं.

कलाबाईचं घर होतं तिथंच होतं. कुडाच्या भिंती, छपराचे कवेलू काळे पडलेले, आणि परसात जिथं ते मडकं फुटलं होतं तिथं आता शेळ्यांचा खुंटा. ओसरीवर खाटेवर झिंगू पडलेला होता. त्यानं बायकोला पाहिलं, मग तिच्यामागच्या बाईला पाहिलं, आणि त्याचा जो एक हात चालत होता तो त्यानं कपाळाकडे नेला, रामराम करायला.

"बसा वयनी," तो जड जिभेनं म्हणाला.

कुंता ओसरीच्या पायरीवर बसली. आतून भांड्यांचा आवाज आला. कलाबाई बाहेर आली. तांब्या तोच होता. तिनं तो समोर धरला.

कुंतानं तो दोन्ही हातांनी घेतला. तोंडाला लावला आणि न थांबता प्यायली. हनुवटीवरून पाणी पदरावर सांडलं, डोळ्यांतलंही त्यात मिसळलं. या खेपेला मागं बायका नव्हत्या आणि पुढं दुसरं गाव नव्हतं, तेव्हा तिनं ते पुसलं नाही. रिकामा तांब्या तिनं परत दिला.

"आखीन दे," ती म्हणाली.

कलाबाई आत गेली. घड्यावरची झाकणी सरकल्याचा आवाज झाला. खाटेवर झिंगू छताकडे पाहत होता, कुंताचं रडणं पाहावं लागू नये म्हणून. मग आतूनच कलाबाईनं विचारलं, रोजचंच काही विचारावं तसं.

"उद्या फूल वेचाले कवा उठशीन वयनी?"

"तू येशीन तवा," कुंता म्हणाली.